दोर कोणाच्या हातात

जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांत माझं सगळ्यात जास्त नुकसान कोणी केलं असं विचारलं, तर मी वादळाचं नाव घेणार नाही. वादळ आलं की मला कामं मिळतात. आमचा झाडावरचा माणूस आला की मिळालेली कामं जातात. हे मी रागात लिहितो आहे, पण पूर्ण विचार करून लिहितो आहे.

धंदा माझा साधा आहे. घरांवर, शाळांवर, विजेच्या तारांवर आलेल्या फांद्या पावसाळ्याआधी उतरवायच्या आणि वठलेली झाडं तुकड्यातुकड्यानं खाली आणायची. परवानगीचे कागद मी काढतो, भाव मी ठरवतो. पिकअप माझी, लाकूड कापायचं मशीन माझं, दोर माझे. दुसऱ्याच्या ट्रकात लाकडं भरण्यापासून सुरुवात करून हे सगळं मी उभं केलं, आणि घासाघिशीत मला हरवणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. फक्त मला झाडावर चढता येत नाही. तेवढ्या एका कारणापायी सूर्यमाळच्या पाड्यावरचा हा वाळक्या शेंगेसारखा माणूस मी इतकी वर्षं सहन केला. त्याच्यासाठी मी चांगलं हेल्मेट आणलं. ते तो पिकअपमध्ये बसला की डोक्यावर घालतो आणि झाडापाशी उतरला की काढून ठेवतो. मी ओरडलो, तर म्हणाला, "झाडावं मी माझा चढतो, शेट. गाडी तुमी चालवता." मजूर हसले. त्यांच्यावरचाही राग मी अजून विसरलेलो नाही.

चढण्याआधी तो खोडाभोवती फिरतो, बुंध्यावर थापा मारतो, मग सावलीत बसून तंबाखू मळतो. गिऱ्हाईक घड्याळ बघतं आणि मी गिऱ्हाइकाकडे बघणं टाळतो. वर पोचला की आजूबाजूच्या घरांच्या बातम्या द्यायला लागतो. कोणाची कौलं फुटलीत, कोणाच्या पत्र्यावर कोणाची सुकट वाळते आहे, सगळं गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात. एकदा एका बाईंची हरवलेली पाण्याच्या टाकीची झाकणी त्याला शेजारच्या गच्चीवर दिसली. फांदी राहिली बाजूला, भांडण सोडवताना माझा दिवस गेला.

पण हे सगळं मी गिळलं. त्याची दोराची खोड मात्र मला गिळता आली नाही. जड फांदी कापायची तर आधी तिला दोर बांधतात, तो वरच्या बेचक्यातून घेऊन टोक खाली सोडतात आणि खालची माणसं फांदी हळूहळू उतरवतात. त्यासाठी माझे मजूर आहेत. याचं म्हणणं असं, की मजुरांच्या पुढे झाडाच्या धन्यानं दोर धरला पाहिजे. ज्याचं झाड त्याच्या हाताला त्याचा भार कळला पाहिजे, त्याशिवाय कोयता चालायचा नाही. धनी आला नाही तर हा वर फांदीवर पाय सोडून बसतो. याच्यापायी मी एका डॉक्टरांना पेशंट सोडून बाहेर आणलं आहे आणि देवपूजेला बसलेल्या एका साहेबांना सोवळ्यात दोर धरायला लावला आहे.

मग ते जांभळाचं काम आलं. काम दिलं होतं एका निवृत्त हेडमास्तरांनी. झाड कुंपणावर, आणि ते कोणाचं यावरून त्यांचा शेजारच्या कारकुनाशी जुना वाद. गुरुजी बाह्या सरसावून पुढे झाले. गल्ली बघायला जमली होती. आमच्या माणसानं दोराचं टोक उचललं, गुरुजींना वळसा घातला आणि कुंपणावरून ते कारकुनाच्या हातात दिलं. म्हणजे सगळ्यांसमोर निकालच दिला. गुरुजींनी आम्हाला तिथून हाकललं. त्यांचे विद्यार्थी आज निम्म्या शाळांत मास्तर आहेत, तेव्हा शाळांची कामंही तिथेच संपली. पिकअपमध्ये मी त्याला विचारलं, कोर्टात जज म्हणून लागलास का? हेल्मेट नीट करत तो म्हणाला, "गुरुजी झाडाखाली गाडी लावतो. पाला कारकून झाडतो." मी त्याला साखरशेतच्या फाट्यावर उतरवलं आणि परत तोंड दाखवू नकोस म्हणून सांगितलं.

त्यानं खरंच दाखवलं नाही. यंदा मे महिन्याच्या वावटळीत माझ्याच अंगणातल्या रायवळ आंब्याची मोठी फांदी चिरली आणि स्वयंपाकघराच्या पत्र्यावर लोंबकळायला लागली. मशीननं फांद्या कापणारी दोन पोरं आली, वर बघून गेली. चिरलेल्या फांदीवर कोणी चढेना. बायको त्या पत्र्याखालीच भाकऱ्या थापत होती, कितीही सांगितलं तरी चूल हलवेना. शेवटी मीच त्याला निरोप धाडला.

तो आला. भाव विचारला नाही, मागचं काढलं नाही. थापा मारल्या, तंबाखू मळली, वर जाऊन फांदीला दोन ठिकाणी दोर बांधला आणि टोक घेऊन खाली उतरला. मी दोन्ही हात पुढे करून उभा होतो. तो माझ्यासमोरून सरळ स्वयंपाकघराच्या दारात गेला आणि म्हणाला, "वयनी, जरा बाहेर या. दोर धरा."

मी भडकलो. जागा माझी, सातबारा माझ्या नावावर, घराची वीट न् वीट माझी, हे सगळं त्याला ऐकवलं. त्यानं दोराचं टोक बायकोपुढे केलं. मग म्हणाला, "झाड तुमच्या जाग्यात हाय, शेट. उन्हाळ्यात टँकर येत नव्हता तवा तांदळाचं धुवण कोन वतत व्हतं याच्या मुळात? मी तं मागं बसून चा पीत बघलंय."

बायकोनं पिठाचे हात पदराला पुसले आणि दोर धरला. मजुरांच्या रांगेत, तिच्या मागे, मी. तो परत वर चढला, कोयता चालवला, आणि फांदी आमच्या हातांतून अशी उतरली, की पत्र्याला ओरखडासुद्धा आला नाही. एवढं मात्र मी खालून पाहिलं, की शेवटच्या घावानंतर तो पहिल्या बेचक्यात बराच वेळ बसून राहिला. तंबाखूसाठी खिशाकडे त्याचा हात गेला नाही, कोणाच्या घरची बातमीही त्यानं दिली नाही. उतरताना पाय चाचपडत होता. पिकअपमध्ये बसताना मीच हेल्मेट उचलून त्याच्या मांडीवर ठेवलं.

राग गेलेला नाही. शाळांची कामं गेली ती गेलीच. बायको आता येणाऱ्याजाणाऱ्याला "माझा आंबा" म्हणून दाखवते, आणि मी ऐकून घेतो. पिकअप मी हल्ली आंब्याखाली न लावता बाहेर रस्त्यावर लावतो. उन्हात सीट तापते, बसवत नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाला तरी वर चढवावं आणि त्याला खाली नुसतं दोर वाटायला बसवावं, असं मनात आहे. त्याला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर भाव वाढवेल.