एक पान जास्त

ही गोष्ट मी पन्नासदा तरी सांगितली असेल — पण विनोद म्हणून. कलकत्त्यातल्या भवानीपूरच्या मराठी घरांतून, मंडळाच्या गणपतीत, पुढे पुण्यात सोसायटीच्या बाकावर. लोक पोट धरधरून हसायचे. त्यातला माझा भाग मात्र कधीच कुणाला सांगितला नाही. बायकोलाही नाही — तीही हसली होती. आज तुम्हाला सांगतो. तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असेल.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची वर्षं. केंद्र सरकारच्या नोकरीत बदली होऊन मी कलकत्त्याला आलो होतो. आमच्या कचेरीकडे पुरुलियाकडच्या डोंगराळ पट्ट्याचा आराखडा होता — कुठे शेती ठेवायची, कुठे जंगल, कुठे दगडाच्या खाणी काढायच्या. दिल्लीहून नवीनच टूम निघाली होती: संथाळ गावांना बरोबर घ्या. सुनावणीत त्यांनी हरकत घेतली, तर ती जमीन खाणीतून वगळायची. म्हणजे ज्यांना सही येत नाही, त्यांना माझ्या नकाशावर बोट ठेवायचा हक्क! मला हे मुळीच पटलं नव्हतं. पण मी गप्प होतो. वरिष्ठांपुढे गप्प बसणं मला छान जमायचं.

सोनाराम हा तिथल्या सात गावांच्या वतीनं बोलणारा म्हातारा मुखिया. पहिल्याच बैठकीत त्यानं खरोखरच बोट ठेवलं. आठ महिने खपून काढलेला माझा नकाशा — आणि हा म्हणतो, जिथे तुम्ही पडीक लिहिलंय तिथे आमची देवराई आहे, तिच्या खाली आमची भातखाचरं आहेत, आणि हा ओढा उलटीकडे वाहतो. मोडक्यातोडक्या हिंदीत, अगदी सौम्यपणे म्हणाला. आमचे साहेब मोठ्यांदा हसले. "आमच्या जोशीबाबूंचा ओढा डोंगर चढतो!" पुढे महिनाभर रोज चहाच्या वेळी तेच. शिपाईसुद्धा तोंड फिरवून हसायचे. असा पाणउतारा तुमचाही कधी झाला असेल. तुम्ही काय केलंत? मी वाट पाहिली.

सुनावणीचा दिवस ठरला, कलकत्त्याला आमच्याच कचेरीत. छापील नोटीस त्यांना कोण वाचून दाखवणार? सोनारामनंच त्यांची रीत सांगितली. गावोगाव सालाच्या झाडाची डहाळी पाठवायची. निघायला जितके दिवस उरले तितकी पानं तिच्यावर ठेवायची. रोज सकाळी एक पान तोडायचं, वाटेत नेणाऱ्यानं, मग गावानं. पानं संपली की निघायचं. डहाळी इथून निघते तो दिवस मोजायचा नाही, हेही त्यानं मला दोनदा सांगितलं. सात डहाळ्या तो सोबत घेऊन आला होता. पानं मात्र मीच ठेवावीत असा त्याचा आग्रह — सरकारच्या हातची डहाळी असली की सातही गावं उठतील, म्हणाला. माझ्या टेबलासमोर तो जमिनीवर बसून राहिला. खुर्ची रिकामी होती. मी बस म्हटलं नाही.

आठ पानं हवी होती — मी नऊ ठेवली.

चुकून? एकदा हात चुकतो हो. सात डहाळ्यांवर सात वेळा चुकत नाही. प्रत्येक वेळी मी मोजलं, आणि प्रत्येक वेळी मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, मजा आली. त्यानं सातही डहाळ्या गमछ्यात जपून बांधल्या आणि मला वाकून जोहार केला.

सुनावणीच्या दिवशी साहेब दुपारपर्यंत थांबले. मी म्हणालो, सर, त्यांच्याच पद्धतीनं बोलावणं धाडलं होतं, आता काय करायचं? साहेब हळहळले, मग त्यांनी लिहिलं: गावांची हरकत आली नाही. देवराईची टेकडी खाणीत गेली. खाचरंही गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले. तीस-चाळीस जण, हावडा स्टेशनहून चालत. बायका होत्या, एकीच्या पाठीला बांधलेलं तान्हं मूल. साहेब दौऱ्यावर गेलेले. व्हरांड्यात मीच गेलो. सुनावणी काल झाली, म्हटलं. सोनाराम गोंधळला. नऊ पानं होती, म्हणाला. मी आवाज चढवला — सगळ्यांना ऐकू जाईल इतका. "पहिलं पान त्याच दिवशी इथेच तोडायचं, असं तुला बजावून सांगितलं नव्हतं?"

सांगितलं नव्हतं. तो माझ्याकडे बघत राहिला. आठवायचा प्रयत्न करत होता बिचारा — जे घडलंच नव्हतं ते. मग आपल्या माणसांकडे वळून त्यांच्या भाषेत काहीतरी बोलला. एक बाई मटकन खाली बसली. माझ्याकडे वळून तो बंगालीत म्हणाला, "भूल आमार, बाबू." चूक माझी.

एका वाक्यानं मला ते थांबवता आलं असतं — सुनावणी पुन्हा घेता आली असती, साहेब तसे भले होते. मी नाही बोललो. त्या रविवारी एका मराठी घरी जेवायला गेलो, तिथे पहिल्यांदा हा किस्सा रंगवला. पानं मोजून तारीख ठरवतात, आणि तीही मोजता येत नाही! श्रीखंड होतं. दोनदा मागून घेतलं.

दोन वर्षांनी खाणीच्या पाहणीला गेलो. टेकडी अर्धी कापली होती, सालाचं एकही झाड उरलं नव्हतं. रस्त्याकडेच्या झोपडीत सोनाराम दिसला. मुखियापण गावांनी काढून घेतलं होतं. सख्खा भाऊ बोलत नव्हता. त्यांच्या रीतीप्रमाणे त्यानं माझ्यासमोर पाण्याचा लोटा ठेवला आणि वाकला. मी न विचारताच म्हणाला, बाबू, तुम्ही सांगितलं होतं ते मी ऐकलंच नसेल — तेव्हापासून माझा माझ्यावर भरवसा राहिला नाही, बाजाराचा वारसुद्धा नातीला विचारतो.

मी पाणी प्यालो. म्हणालो, वय झालं की होतं असं.

त्यानं मान डोलावली.