बिगुलकाकांची दाढ

आमच्या संघटनेच्या मोर्चात ढोल नसे, डीजे नसे, बिगुलकाका असत. सुलतान बाजारातल्या एका कापडदुकानात दिवसभर उभं राहून कापड मोजणारा हा माणूस संध्याकाळी फूटपाथवर आला आणि त्याने पितळी बिगुल ओठांना लावला, की ऑटोवालेही हॉर्न थांबवत. लहानपणी स्काउट पथकात शिकलेले तीनच सूर त्यांना येत. "चौथा लोकांनी लावायचा," म्हणायचे.

छापील शब्दाला ते फार मानत. आमचं पत्रक हातात पडलं की उभ्याउभ्या वाचत, मग घडी घालून खिशात ठेवत. "छापलं म्हणजे जबान दिली," हे त्यांचं ठाम मत. पत्रकांवरच वाढलेल्या मला ते पटायचंच. सभेला येणाऱ्यांची नावं मी न विचारताच छापत असे. लढ्याला नाही कोण म्हणणार, हा माझा माज.

गेल्या वर्षी त्यांनी दिलसुखनगरच्या एका दवाखान्यात वरची दाढ काढून घेतली. तिची मुळं गालाच्या हाडातल्या पोकळीत, सायनसमध्ये शिरलेली. दाढेबरोबर तिथे भोक पडलं. डॉक्टरांनी टाके घालून बजावलं, दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, काहीही फुंकायचं नाही, नाहीतर भोक भरणार नाही. काकांनी हे मला फोनवर हसत सांगितलं. तोवर फेरीवाल्यांच्या निदर्शनाची पत्रकं वाटून झाली होती. सुरुवात बिगुलकाका करतील, असं त्यात मीच लिहिलेलं. निदर्शन दाढ काढल्याच्या दहाव्या दिवशी येत होतं.

"काका, एकदाच. लोक वाट बघतील."

"छापलंयस?"

"हो."

"मग विचारतेस काय, कलमबहाद्दर?"

त्यांनी तिन्ही सूर वाजवले. टाळ्या पडल्या. नंतर चहा पिताना त्यांच्या नाकातून चहा आला. "उलटा नळ देखो!" म्हणत त्यांनी रुमाल लावला. सगळे हसले. मीही.

पुढे महिनाभर गालात ठणका, नाकातून घाण वास. दुकानात सर्दी म्हणून सांगत आणि जोशांद्याचा काढा पीत राहिले. मी डॉक्टरांचं नाव काढलं की म्हणत, "नक्को. का फुंकलंस विचारलं तर काय सांगू? तुझं नाव?" डोळ्याखाली सूज चढली तेव्हा कुठे डॉक्टरांकडे गेले. सायनस पुवाने भरला होता. ऑपरेशन करून तो धुतला, हिरडी ओढून भोक शिवलं. बिगुल कायमचा बंद.

वॉर्डात मी म्हणाले, "काका, चूक माझी होती." ते समजूत घालतील असं वाटलं होतं.

"हौ, तुझीच. अर्धी माझीपण. पण तुझी छापून आली." मग डोळे मिटून म्हणाले, "माणसाला विचारून छापत जा, बेटा."

नोकरी सोडून ते निजामाबादला मुलीकडे गेले. इथे आम्ही त्यागाचं कौतुक करतच राहिलो. दुखणाऱ्या माणसाला नाही म्हणायला त्यात जागाच नव्हती, आणि ती न ठेवणारी मी होते. हे मला कुठल्या पत्रकाने सांगितलं नव्हतं.

परवा नव्या सभेसाठी झाडूकाम करणाऱ्या एका ताईंना फोन केला. "ताई, बोलाल का?" त्या म्हणाल्या, "गुडघा फार दुखतोय गं. या वेळी नको."

"बरं, ताई. आराम करा."

ताईंचं नाव गाळलं, वक्त्यांत एकच उरलं. पत्रक तसंच छापायला दिलं.