सदक्याची गादी

मी तापट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. गिऱ्हाईक नव्या गादीवर बसून नुसतं "जरा कडक वाटतीया" म्हणालं, तरी माझं डोकं सटकतं. आमचे मौलाना सांगतात की वाटेतला दगड बाजूला करणं हा सदका आहे, तहानलेल्याला पाणी देणं सदका आहे, दुसऱ्याकडं बघून हसणं हाही सदकाच. दगडाचं आणि पाण्याचं मी जमवतो. हसायचं काही जमत नाही, माझं तोंडच तसं आहे. असल्या माणसानं आध्यात्मिक अनुभव लिहायला बसावं, याचं घरातल्या सगळ्यांना हसू येतंय. येऊ दे. यात कोणी फरिश्ता आला नाही, आकाशातून आवाज झाला नाही. जे झालं ते तेवढंच सांगतो.

आमचा धंदा गाद्यांचा. वडील खांद्याला धनुकली लावून गावोगाव कापूस पिंजत फिरायचे, मुरगूडपासून आजऱ्यापर्यंत. पुढं कोल्हापुरात नदीच्या बाजूला दुकान झालं, पिंजायचं मशिन आलं. वडिलांनी एक रीत घातली होती. रमजानच्या शेवटच्या जुम्म्याच्या आत दुकानातून काही गाद्या सदका म्हणून मोहल्ल्याच्या कमिटीकडं जायच्या. जकात वेगळी, ती तर फर्जच आहे, द्यावीच लागते. ही खुशीची देणगी. वडील गेल्यावर ती रीत मी एक वर्षही मोडली नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा माज होता. गल्लीत कुणी दानधर्माच्या गोष्टी करायला लागलं की मी मनात म्हणायचो, बोला लेको, मी करून दाखवतो.

त्या पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी गल्लीत शिरलं तेव्हा माझी बायको, हमीदा, पलंगावर उताणी पडून होती. अंगणात पाय घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन होऊन पंधरा दिवसही झाले नव्हते. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं, अंगाखाली मऊ आणि सपाट गादी पाहिजे, कूस बदलत राहा, पाठीची कातडी एकदा फाटली तर हाड बाजूला राहील आणि ती जखमच जीवावर उठेल. पाणी उंबऱ्याला लागलं तशी तालमीतली चौघं आली आणि तिला पलंगाच्या फळीसकट उचलून उंचावरच्या एका मंगल कार्यालयात घेऊन गेली. घरातल्या गाद्या भिजल्या, तिच्या अंगाखालचीही वाटेतल्या पावसानं चिंब झाली. दुकानात कंबरेएवढं पाणी, कापसाचा सगळा माल पाण्याखाली. जन्मभर लोकांच्या पाठीखाली कापूस घालणारा मी, आणि माझी बायको उघड्या फळीवर चादर टाकून पडलेली. तिच्या माकडहाडावर लाल चट्टा उठला होता. ती काही बोलत नव्हती, आणि तिच्या न बोलण्याचाही मला राग येत होता.

त्या दुपारी हॉलच्या कोपऱ्यात मी असरच्या नमाजला उभा राहायला जागा शोधत होतो. तिथं बसलेल्या एका म्हाताऱ्यानं काही न बोलता आपलं गाठोडं उचलून मांडीवर घेतलं आणि मला जागा करून दिली. नमाज झाली, हात वर केले. त्याला दुआ म्हणणं खोटं होईल, भांडणच होतं ते. मी म्हणालो, दरसाल तुझ्या नावानं गाद्या देतो मी. कुणाकुणाला झोपवलं असंल मी आजवर. आणि माझ्या बायकोला या एवढ्या जगात एक गादी मिळू नये? मग देतो कशाला मी? असं बरंच काही बोललो, ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेजारचा म्हातारा भिंतीकडं बघत बसला होता. त्याला माझं पुटपुटणं ऐकू गेलं असणार.

संध्याकाळी मी मशिनची मोटर तरी वाचते का बघायला दुकानाकडं गेलो, पाणी आणखी वाढलं आणि तिकडंच मेहुण्याकडं अडकलो. सकाळी परत आलो तर हमीदा गादीवर होती. कमिटीच्या लोकांनी टेंपोतून गाद्या आणल्या होत्या, बायकांनी चादर घालून हमीदाला त्यातल्या एकीवर निजवलं होतं. मला बरं वाटलं. आपलं भांडण ऐकलं गेलं, असं वाटून मी मनात अल्लाचा शुक्रही मानला. तिची कूस बदलायला म्हणून तिला हळूच वळवलं आणि बघतो तर कालच्या लाल चट्ट्याची कातडी फाटलेली, ओली. मी तिच्या खाली हात घातला. गादीत हे एवढाले गोळे, आणि दोन गोळ्यांच्या मध्ये नुसती पोकळी. थेट जमीन हाताला लागत होती.

मग माझा तोल गेला. ती गादी मी कडेनं धरली आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा ओरडलो. "कुठल्या हरामखोरानं भरलीया ही गादी? जनावराखाली तरी घालावी का ही? देतोय म्हणून मिरवत असंल, लाज न्हाय वाटली त्याला?" पोरं रडायची थांबली, भांडी घासणाऱ्या बायका उठून बघायला लागल्या. कमिटीतला एक माझ्याच वयाचा माणूस धावत आला, मला चाचा चाचा म्हणत आवरायला लागला, तसा मला आणखी चेव आला. तेवढ्यात हमीदा कण्हत म्हणाली, "आवाज कमी करा. तुमच्याच दुकानाची हाय ती. मला काल टेकल्या टेकल्या कळलं."

मी चादर सारली. कडेला निळा शिक्का होता, आमच्या दुकानाचा. कडेची शिवणही आमचीच, ती मला अंधारातसुद्धा ओळखता आली असती.

ते कसं झालं तेही सांगतो, लपवण्यात अर्थ नाही. वडील विकायच्या ढिगातलाच कापूस सदक्याच्या गादीत भरायचे. पुढं कापूस महाग झाला, आणि बाजारात शिंप्यांच्या चिंध्या दळून केलेला करडा कापूस मिळायला लागला. मी म्हटलं, फुकटच तर द्यायचीय, घेणारा काय उसवून बघणार हाय? आधी निम्मा घातला, मग सगळाच. मग टाकेही कमी केले, कारण टाक्याला वेळ लागतो आणि रमजानात विकायच्या मालाची घाई असते. टाके कमी पडले की चिंध्यांचा कापूस सरकतो आणि त्याचे गोळे होतात, हे मला कळत नाही असं नाही. चाळीस वर्षं तेच करतोय मी. शिक्का मात्र एकाही गादीवर चुकवला नाही. जे तुम्ही स्वतः डोळे मिटल्याशिवाय घेणार नाही असलं टाकाऊ देऊ नका, असं कुराणात स्पष्ट लिहिलंय. ते मी किती वेळा ऐकलंय, आणि ऐकताना दुसऱ्याकडं बघून मान डोलावलीय. कमिटीतल्या त्या माणसाला मी विचारलं, दरसाल अशाच येतात काय? तो खाली बघून म्हणाला, सदक्याच्या वस्तूला नाव ठेवू नये म्हणून आम्ही कधी बोललो नाही, चाचा. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. दर वर्षी गाद्या पोचवून मी ऐटीत चहा प्यायचो, तेव्हाही ठाऊक होतं. मला तिथल्या तिथं पाण्यात जाऊन उभं राहावंसं वाटलं. बायकोच्या पाठीवरची ती जखम माझ्या हातची होती, अल्लाकडं जे विचारलं होतं त्याचं उत्तर तिच्या पाठीखाली होतं, आणि हा सगळा राग काढायला आता माझ्याशिवाय दुसरं कुणी उरलं नव्हतं.

तो कोपऱ्यातला म्हातारा उठून आला तो तेव्हा. कुरुंदवाडकडचा, कपाळाला विभूती, बोलण्यात कानडी हेल. लेक पन्हाळ्याच्या बाजूला दिलेली, ती बाळंत झाली म्हणून बघायला निघाला होता आणि रस्ते बंद झाल्यानं इथं अडकला होता. त्यानं कालचं ते गाठोडं माझ्यापुढं सोडलं. आत वाकळ होती. मऊ लुगड्यांची, पदर आत घेऊन बारीक टाक्यांनी शिवलेली, एवढी सफाई की मीही बघत राहिलो. त्याच्या घरधनिणीनं लेक आणि नातवासाठी महिनाभर बसून शिवली होती. चार पदरी घडी घालून तंगीच्या पाठीखाली घाला म्हणाला. तंगी म्हणजे त्यांच्याकडं धाकटी बहीण.

मी नको म्हणालो. नीट नको म्हणालो असतो तरी चाललं असतं, पण मी खेकसलो. गाद्या विकणारा माणूस मी, तुझ्या नातवाची वाकळ घेऊ? जखमेचं पू-रक्त लागंल तिला, मलम लागंल, परत देण्यासारखी राहायची न्हाय. घेऊन जा. माझ्या आवाजानं तो हललासुद्धा नाही. वाकळेची घडी घालता घालता म्हणाला, "पावणं, बाळाला काय, धा जणांच्या मांड्या हायत. तंगीला एकच पाठ हाय."

 आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाकडून तरी फुकट काही घेतलं, आणि ते घेताना माझे हात इतके जड झाले होते की वाकळ त्यानंच अंथरली. आम्ही दोघांनी मिळून हमीदाला तिच्यावर ठेवलं. तिनं डोळे मिटले, एक मोठा श्वास सोडला. ऑपरेशन झाल्यापासून तिचा तसा श्वास मी ऐकला नव्हता. मला रडू आलं, आणि ते लपवायला मी उठून गेलो.

पण राग कुठं जाणार? अंगात नुसता खदखदत होता. कार्यालयाच्या स्वयंपाकघरातून सुरी घेतली, सतरंज्या शिवायची दाभण आणि दोरा मागून घेतला, आणि ती गादी अंगणाच्या पत्र्याखाली नेऊन फाडली. हॉलमध्ये माझ्या शिक्क्याच्या आणखी गाद्या होत्या. एकेकाच्या पुढं जाऊन, ही माझ्या दुकानाची हाय, वंगाळ भरलीया, द्या इकडं, असं म्हणत त्या गोळा केल्या. असं तोंडानं म्हणणं सोपं नव्हतं. एका बाईनं तर सुनावलं की रातभर कंबर मोडली आमची, आता सुचलं काय तुला. तेही ऐकून घेतलं आणि तिची गादी खांद्यावर टाकली. मशिन पाण्याखाली, वडिलांची धनुकली कधीच विकलेली. मग हातानं, बोटानं, एकेक गोळा विंचरत बसलो. चिंध्यांचा कापूस हातानं विंचरून काही रेशीम होत नाही, पण गोळे मोडले. दुपारनंतर तो म्हातारा समोर येऊन बसला आणि न विचारता विंचरायला लागला.  टाके मात्र मी हाताएवढ्या अंतरावर घालायचो ते चार बोटांवर घातले. बोटं सोलवटली, आणि तेवढ्यानं जरा बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी पन्हाळ्याची वाट मोकळी झाली आणि तो वाकळ तशीच ठेवून निघून गेला. मी हमीदाच्या औषधासाठी बाहेर गेलो होतो. तिला तेवढं, येतो तंगी, म्हणाला म्हणे. नाव सांगितलं नाही, पत्ता नाही. त्याचाही मला राग आला. पाणी ओसरल्यावर सरकी काढलेला पांढरा कापूस आणून बाळाची एक छोटी गादी भरली, आणि ती घेऊन कुरुंदवाडात दोनदा जाऊन आलो. नातू झालेले म्हातारे तिथं ढीगभर भेटले, तो काही भेटला नाही. परतीच्या गाडीत माझ्या ध्यानात आलं की मला त्याला भेटायचंच नव्हतं, मला फिटंफाट करायची होती. देणारा म्हणून परत वरच्या पाटावर बसायचं होतं. अल्लानं ते होऊ दिलं नाही. काही गोष्टी घेऊन गप राहावं लागतं, मान खाली घालून. मला ते अजून नीट जमत नाही, पण प्रयत्न करतोय. ती छोटी गादी मी दवाखान्यात एका अनोळखी बाळंतिणीला दिली, शिक्का न मारता.

हमीदाची जखम दीड महिन्यानं भरली. आता ती काठी घेऊन चालते. पुढच्या रमजानात सदक्याच्या गाद्या भरायला घेतल्या तेव्हा ती दुकानात आली, पहिली गादी खाली अंथरायला लावली आणि तिच्यावर उताणी निजली. थोड्या वेळानं म्हणाली, डाव्या अंगाला कमी पडलाय, उसवा. रोजा, उन्हाळा, पन्नास कामं पुढ्यात, आणि ही म्हणते उसवा. माझं डोकं सटकलं. काय बोललो ते विचारू नका. बोलत बोलतच उसवली, भरली, परत टाके घातले. आता दरसाल हेच चालतं. सदक्याची एकही गादी ती स्वतः पाठ टेकल्याशिवाय दुकानाबाहेर जाऊ देत नाही. मी चिडतो, आदळआपट करतो आणि उसवतो. मौलानांना हे सांगितलं तर ते म्हणाले, चिडून का होईना, उसवतोस ना, त्यातच शुक्र मान. मानतो.

यंदा तिसऱ्या गादीवर ती निजली आणि काहीच बोलेना. मी वाट बघितली, मग वैतागून विचारलं, पास का नापास ते तरी सांग. उत्तर नाही. वाकून बघितलं तर तिला गाढ झोप लागली होती, तोंड जरा उघडं, काठी बाजूला पडलेली. मी तसाच पायरीवर जाऊन बसलो. एक गिऱ्हाईक आलं, त्याला खुणेनंच गप केलं. ती उठल्यावर मी ती गादी गुंडाळली आणि सगळ्यात आधी पाठवली.