मारुती, भायेर या!

भूतबीत, भास, हाका... असल्या गोष्टी सांगणाऱ्याच्या तोंडावर हसणारा मी माणूस. पलटणीत मेलेली माणसं इतकी बघितली, त्यातलं एकही कधी उठून बसलं नाही. तरी हे लिहितोय. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं. आम्हाला घेऊन निघालेली बोट मुळात साहेबलोकांच्या सफरीची. लढाई लागल्यावर नेव्हीनं ती घेतली, राखाडी रंग फासला आणि तिच्या पोटात शिपाई कोंबायला फळ्यांचे बंक ठोकले. मुंबईहून सुएझला पलटणी न्यायच्या, येताना जखमी नाहीतर इटालियन कैदी आणायचे, की लगेच पुन्हा भरायची. दुरुस्तीला सवडच नाही. वर हवेशीर डेकवर गोरे, तळाला आम्ही काळे. आमची खेप तिची शेवटची ठरली.

माझ्याबरोबर माझ्याच गावचा, पलूसजवळचा, एक जण होता. नाव मारुती. माझंही मारुतीच. हवालदार आम्हाला 'लंबा मारुती' आणि 'छोटा मारुती' म्हणायचा; मी छोटा.

त्या दुपारी तो शेजारच्या बंकवर गाढ झोपला होता. मी जागा. आणि अगदी कानाशी बाईची हाक आली — "मारुती... आवं, भायेर या!"

नाव उघडं, आणि पुढं 'या'! आई असती तर 'ये रं' म्हणाली असती. 'आवं, या' म्हणणारी बायकोच. आणि बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं? माझं टाळकंच सटकलं. अहो, भर समुद्रात बायको कुठली, हे सुचलंच नाही! तणतणत शिडी चढलो, डेकवर पाय टाकला... आणि टॉर्पेडो बसला. पाणी अडवायला तळाचे दरवाजे बंद केले, आतल्या माणसांसकट. मला दुसऱ्या जहाजानं पाण्यातून उचललं. लंबा मारुती आतच राहिला.

गावी आल्यावर, बायकोनं नाव घेऊन हाक मारली म्हणून वाचलो, एवढंच सांगितलं. झालं! बायाबापड्या माझ्या मंडळीच्या पाया पडायला लागल्या. आणि लंब्या मारुतीची शेवंता? "हिचीच माया कमी पडली. पांढऱ्या पायाची!" सासू तिला घराबाहेर काढायला उठली. माहेरी कुणी उरलं नव्हतं. बिचारीनं जायचं कुठं?

"मी न्हाई वो मारली हाक!" म्हणून माझी मंडळी शपथा घेऊन दमली. कोण ऐकतंय? शेवटी ती मला ओढतच शेवंताच्या सोप्यात घेऊन गेली. सासू, भावकी, सगळी बसलेली. पदर खोचून ती ओरडली, "मारुती! मारुती! घेतलं नाव. ह्योच आवाज आला हुता का? सांगा सगळ्यांम्होरं!"

तिचा आवाज बारीक, चिरका. मी ऐकलेला घोगरा होता.

"न्हाई," मी म्हणालो. "ह्यो न्हवं."

तेवढ्यात दारामागून शेवंता बोलली, "मी मारली हुती."

तोच घोगरा आवाज!

"उसाच्या फडात भांगलत हुते. एकाएकी जीव घुसमटला. वाटलं, त्यास्नी कुटंतरी कोंडलंय. आसपास कुणी न्हवतं, म्हणून लाज सोडली... मारुती, आवं, भायेर या, म्हनून वराडले."

हे शब्द मी कुणालाही सांगितले नव्हते. बायकोलासुद्धा नाही.

सासूनं मान खाली घातली. शेवंताला कुणी घराबाहेर काढलं नाही. पण जिभेला हाड नसल्यासारखं बोलणाऱ्यांपैकी एकानंही तिची माफी मागितली नाही. थू त्यांच्या जिनगानीवर!

उसाच्या फडातली हाक समुद्रात कशी पोचली? मला माहीत नाही. शिकलेल्यांना विचारलं, ते म्हणाले भास. असेल बाबा. मग शब्द कसे जुळले, ते सांगा.

त्या दिवशी शेवंता रडली नाही. आम्ही निघालो तेव्हा उंबऱ्यापर्यंत आली आणि शांतपणे म्हणाली, "भावजी, हाक माझ्या मालकास्नी हुती. तुमी कशाला उठला?"