गेलेल्या नोकरीवरचा कर

डिसेंबरमधल्या एका सोमवारी आम्हा एकतीस जणांना कंपनीच्या कॅन्टीनमध्ये बोलावलं आणि हातात एकेक पाकीट दिलं. जळगावच्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या चटया विणणाऱ्या कारखान्यात मी चोवीस वर्षं काढली. जुने माग बंद होणार, नवी यंत्रं चार माणसांवर चालणार, तेव्हा तुमचा हिशेब पूर्ण करतोय, असं साहेबांनी सांगितलं. कुणी रडलं, कुणी शिव्या दिल्या. मी पाकीट खिशात कोंबून पाणी प्यायला गेलो.

झुलालनाना मात्र बाकावर बसून कागद वाचत होते.

झुलाल बडगुजर आमच्या खात्यातले सगळ्यात जुने कामगार. सव्वीस वर्षं सात नंबरच्या मागावर. शिक्षण सातवी, पण छापलेलं काहीही समोर आलं की शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय सोडायचे नाहीत. खताच्या गोणीवरचा मजकूरही वाचायचे. धरणगावजवळच्या खेड्यातून रोज मोटरसायकलने यायचे, आणि आमच्याशी बोलायचे ते अहिराणीतच.

"योगेंद्र," त्यांनी मला हाक मारली, "हाई काय शे? आयकर म्हनीसन पंचेचाळीस हजार तीनशे कापेल शेतस."

मी माझा कागद उघडला. माझेही पस्तीस हजार सातशे कापलेले होते. ज्यांची नोकरी वीस वर्षांपेक्षा जास्त झाली होती, अशा आम्हा एकोणीस जणांना ही कात्री लागली होती.

आम्ही हिशेब खात्यात गेलो. तिथला चंदन स्वभावाने बरा, पण कामाच्या ओझ्याने कायम वैतागलेला. तो म्हणाला, "नाना, रक्कम मोठी झाली की कर कापावा लागतो. सरकारजमा झालाय. आता ते पैसे विसरा."

मी विसरलोही. पाचोऱ्याला एका पाइपच्या कारखान्यात काम मिळालं, कमी पगाराचं. तिकडे रुजू झालो. नाना घरच्या कोरडवाहू शेतात राबू लागले. पण त्यांचा फोन आला की विषय तोच.

"आरे, नोकरी गई तेनं दुख शे. पन गयेल नोकरीवर टॅक्स कसाना? मी काय कमाडं तठे?"

एका करसल्लागाराने त्यांना सांगितलं, बघतो, पण परत मिळेल त्यातला तिसरा हिस्सा माझा, आणि खात्री काही नाही. नाना नमस्कार करून उठून आले. तरी त्यांनी हार मानली नाही. जूनमध्ये कंपनीकडून कापलेल्या कराचा दाखला, फॉर्म सोळा, आला, तेव्हा तो घेऊन ते जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये दिपमाला नावाच्या मुलीकडे गेले. तिशीची असेल. एका खोलीत लहान व्यापाऱ्यांची विवरणपत्रं भरून द्यायची. तिच्या दारावर फीचा दर स्पष्ट लिहिलेला होता, म्हणून नाना आत शिरले. त्या दिवशी मला सुटी होती, मीही बरोबर होतो.

दिपमालाने कागद दोनदा वाचले. मग खुर्ची पुढे ओढून विचारलं, "नाना, तुम्ही राजीनामा दिला होता की त्यांनी काढलं?"

"काढलं ना बेटा. सव्वीस वर्षांनंतर."

"मग हा कर लागतच नाही."

तिने समजावून सांगितलं. कामगाराला कपातीत काढलं की कायद्याप्रमाणे जी भरपाई देतात, तिला ठरावीक मर्यादेपर्यंत कर नसतो. ग्रॅच्युइटीचंही तसंच. नानांच्या दोन्ही रकमा मर्यादेच्या पुष्कळ आत होत्या. कंपनीने मात्र भरपाई, ग्रॅच्युइटी आणि पगार असं सगळं एकत्र करून 'एकरकमी सेवासमाप्ती' अशी एकच ओळ लिहिली होती आणि साऱ्यावर कर कापला होता.

"विवरणपत्र भरलं की पैसे परत मागता येतात. पण उद्या आयकर खात्याने विचारलं तर दाखवायला पुरावा पाहिजे. भरपाई किती, ग्रॅच्युइटी किती, आणि तुम्हाला कपातीत काढलं, असं कंपनीच्या सहीशिक्क्याचं पत्र आणा. जुलैच्या अखेरीपर्यंत मुदत आहे."

दुसऱ्या दिवशी नाना कंपनीच्या फाटकावर हजर झाले. चंदनने बाहेर येऊन सांगितलं, साहेब नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशी साहेब मीटिंगमध्ये होते. तिसऱ्या दिवशी कुणी बाहेरच आलं नाही. भिकुबाई, नानांची बायको, रोज सकाळी डबा करून द्यायची. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा. पावसाचा पत्ता नव्हता आणि ऊन तापलेलं होतं. एक वाजला की नाना फाटकासमोरच्या निंबाखाली बसून डबा उघडायचे. सव्वीस वर्षं ते एक वाजताच जेवले होते, आता वेळ कशी बदलणार?

चौथ्या दिवशी आत काम करणारे जुने दोघे सोबती आपापले डबे घेऊन बाहेर आले. कपातीतल्या रोहिदासला कळलं, तोही भाजी घेऊन आला. पाचव्या दिवशी कपातीतलाच गिरधर आला, त्याच्याबरोबर आणखी अकरा जण. मी सुटी काढून गेलो. भिकुबाईने त्या दिवशी सगळ्यांसाठी शेवभाजीचा मोठा डबा पाठवला होता. निंबाखाली गोल करून आम्ही सतरा जण बसलो होतो. हसणं, जुन्या गोष्टी, एकमेकांच्या डब्यात हात. नोकरी गेल्यापासून इतकं मोकळं मी हसलो नव्हतो.

तेवढ्यात फाटकावरचा पहारेकरी धावत आला. "नाना, साहेब आत बोलावताहेत. एकट्याला नाही, दोघा-तिघांना या म्हणाले."

नाना, रोहिदास आणि मी गेलो. साहेबांनी आम्हाला चक्क खुर्च्या दिल्या. टेबलावर पाण्याचे ग्लास मांडले होते. ते घसा साफ करून म्हणाले, "हे बघा, धरणं धरून काही साधत नाही. चर्चेने सगळं सुटतं. तुमच्या मागण्या काय आहेत?"

नानांनी माझ्याकडे बघितलं, मी रोहिदासकडे.

"मागण्या नाहीत साहेब," नाना शुद्ध मराठीत म्हणाले, "एक कागद पाहिजे."

"आणि बाहेर ते आंदोलन?"

"आम्ही जेवतोय साहेब. शेवभाजी आहे. तुम्हाला पाठवू का?"

रोहिदासला हसू आवरेना, त्याने रुमाल तोंडाला लावला. साहेबही हसले. त्यांनी चंदनला बोलावलं. नानांनी त्याला आकडे कसे वेगळे लिहायचे ते दिपमालाच्या चिठ्ठीवरून वाचून दाखवलं. चंदन बघता बघता गंभीर झाला. "चूक माझीच आहे नाना," तो म्हणाला. "एकाच ओळीत टाकलं की काम लवकर उरकतं, एवढाच विचार केला." त्या संध्याकाळी त्याने एकट्या नानांचंच नाही, सगळ्या एकोणीस जणांची पत्रं तयार करून दिली. वर चहाही मागवला.

मग पुढचे चार रविवार नाना गोलाणी मार्केटमध्ये. एकेका सोबत्याला घेऊन यायचे. पासबुक आणलं का, आधारला मोबाइल जोडलाय का, हे दारातच तपासायचे. दिपमाला म्हणायची, "नाना, तुम्ही माझ्याकडे नोकरीच धरा." तुकाराम नावाच्या आमच्या सोबत्याचं बँक खातं बंद पडलेलं निघालं, तेव्हा दुसऱ्या दिवशी नाना त्याला मोटरसायकलवर मागे बसवून वरणगावला बँकेत नेऊन आले. मुदतीच्या तीन दिवस आधी एकोणिसावं विवरणपत्र गेलं.

सप्टेंबरमध्ये एका सकाळी मी पाचोऱ्याला कामावर निघालो होतो. फोन वाजला. नानाच होते, मागे वाऱ्याचा आवाज.

"योगेंद्र! उनात रे! बठ्ठा पैसा उनात! वर व्याज बी शे!"

ते कपाशीच्या शेतात उभे होते. मोबाइलवर सगळे पैसे जमा झाल्याचा बँकेचा संदेश आला, तो त्यांनी तीनदा वाचला आणि मग बांधावरून भिकुबाईला एवढ्या जोरात हाक मारली, की तिला वाटलं साप निघाला. ती विळा घेऊनच धावत आली.

माझे पैसे आठ दिवसांनी आले. महिनाभरात सगळ्यांचे आले. तिसरा हिस्सा कुणालाच द्यावा लागला नाही.

त्या पैशात थोडी भर घालून भिकुबाईने मिरची-मसाला कांडायचं यंत्र घेतलं. गावात तसं एकही नव्हतं, बायका मिरच्या घेऊन धरणगावला जायच्या. नाना यंत्र चालवतात, भिकुबाई माप करते. पहिल्या महिन्यात दोघांचे डोळे लाल आणि शिंका थांबत नव्हत्या, पण गिऱ्हाइकांची रांगही संपत नव्हती.

दिवाळीनंतर नानांनी आम्हा सगळ्यांना कुटुंबासकट शेतावर बोलावलं. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर कणकेच्या बट्ट्या भाजल्या, मोठ्या पातेल्यात वरण, वांग्याची घोटलेली भाजी. दिपमाला आई-वडिलांना घेऊन आली होती. चंदनही आला, आधी जरा लाजत लाजत. नानांनी त्याला हाताला धरून पंगतीत मधोमध बसवलं.

भिकुबाई तुपाचं भांडं घेऊन फिरत होती. दिपमालाने ताटावर हात धरला. "बस काकू, चार बट्ट्या झाल्या."

"चारवर काय पोट भरस का व?" भिकुबाईने तिचा हात हळूच बाजूला केला आणि पाचवी बट्टी ताटात कुस्करून वर तुपाची धार धरली. "खा. आठे, आपला वावरमा, कोनी कापनार नही."

सगळी पंगत हसली. सगळ्यात मोठ्याने चंदन.