कायद्याच्या आधी पोचलेले साडू

कायदा लागू झाल्यावर तो न पाळणारी माणसं आपल्याकडे पैशाला पासरी मिळतात. पण कायदा लागू व्हायच्या आधीच तो पाळत सुटलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि नेमका तो माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, हे यजमान. तरुणपणी मुंबईच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. चिठ्ठीशिवाय एक खिळासुद्धा कुणाला न दिल्याचा त्यांना अजून अभिमान आहे. कारखाना बंद पडल्यावर ते श्रीवर्धनला आपल्या सुपारीच्या वाडीत परतले आणि तिथे चार खोल्या बांधून पर्यटकांची राहण्याजेवण्याची सोय करू लागले. खोल्या साध्या, पण स्वच्छ. ताईंच्या हाताची सुरमई खाऊन गेलेला माणूस पुढच्या वर्षी आणखी दोन कुटुंबं घेऊन यायचा. थोडक्यात, धंदा उत्तम चालला होता. उत्तम चाललेल्या गोष्टीत सुधारणा करणं हा साडूंचा जुना छंद आहे.

सुधारणेला निमित्त झालं अलिबागच्या एका शिबिराचं. लॉजवाल्यांना नवा डेटा संरक्षण कायदा समजावून सांगायला मुंबईहून एक सल्लागार येणार होते. शिबिरानंतर जेवण असल्यामुळे उपस्थिती भरघोस होती. सल्लागारांनी पडद्यावर चित्रं दाखवली: गिऱ्हाइकाची माहिती ही गिऱ्हाइकाची असते, ती का घेता हे त्याला सांगावं लागेल, त्याची संमती लागेल, काम झालं की ती पुसावी लागेल, आणि चोरीला गेली तर त्याला कळवावं लागेल. सगळं एकदम नाही, टप्प्याटप्प्याने लागू होईल, असंही ते म्हणाले. हे शेवटचं वाक्य ऐकून सभागृहाने निश्चिंतपणे डोळे मिटले. साडू तेवढे जागे राहिले. घरी आल्यावर त्यांनी ताईंना पहिलं वाक्य ऐकवलं ते असं: "आपण आजवर लोकांची माहिती फुकट लुबाडत होतो." ताई त्या वेळी कोळंबी सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "बरं. जेवून आलात का?"

त्यानंतर साडूंच्या दारात जे सुरू झालं, ते पाहायला आसपासचे लॉजवाले कामं टाकून येत. घाटाची वळणं खाऊन पुण्याची एखादी गाडी फाटकाशी थांबायची. आतून पांढरीफटक पडलेली पोरं, वैतागलेले बाप आणि पाठ धरलेल्या आज्या उतरायच्या. साडू त्यांना ओटीवर ओळीने बसवायचे, चष्मा पुसायचे आणि स्वतः मराठीत लिहिलेली सूचना वाचायला घ्यायचे. 'आपले नाव, पत्ता व ओळखपत्र आम्ही कोणत्या प्रयोजनार्थ घेत आहोत' इथपासून ती जी निघायची, ती 'आपणांस आपली संमती केव्हाही मागे घेण्याचा हक्क आहे' इथे येऊन विसावायची. मधेच कुणी काकुळतीने विचारायचं, "काका, बाथरूम कुठंय?" साडू कागदावरून नजर न उचलता सांगायचे, "डावीकडे. त्याला संमती लागत नाही." एकदा एका गृहस्थाने सगळं ऐकून घेतलं आणि गमतीने "मी संमती मागे घेतो" म्हणून टाकलं. साडूंनी अत्यंत आदराने त्याची बॅग उचलून परत गाडीत ठेवली. शेवटी त्याच्या बायकोने हात जोडले, तेव्हा बॅग खाली आली.

घरातल्या माणसांनाही या कायद्यातून सूट नव्हती. कोण आलंय, कुठून आलंय, हे साडू ताईंना सांगेनासे झाले. "दोन नंबरच्या खोलीतील व्यक्ती" एवढाच तपशील स्वयंपाकघरापर्यंत पोचायचा. त्या व्यक्ती मासे खातात की नाही, असं ताईंनी विचारलं की साडू म्हणायचे, "आहार ही खाजगी बाब आहे." परिणामी एका संकष्टीला उपासाच्या माणसासमोर तळलेल्या सुरमईचं ताट गेलं. तो बिचारा देवदर्शनासाठी हरिहरेश्वरला जायला निघालेला. ताईंनी त्या दिवसापासून पाहुण्यांची चौकशी परस्पर करायला सुरुवात केली, आणि साडूंनी ते पाहून न पाहिल्यासारखं केलं. घरचा कॅमेराही त्यांनी फाटकावरून काढून माडाकडे वळवला होता. येणाऱ्याजाणाऱ्याचं चित्रण त्याला न विचारता कसं करायचं, हा त्यांचा प्रश्न. पुढे वाडीतला पाण्याचा पंप चोरीला गेला, तेव्हा पोलिसांना त्या कॅमेऱ्यात एक झावळी पडतानाचं अतिशय सुस्पष्ट चित्रण मिळालं.

मी पनवेलला राहतो. एकदा साडू आमच्याकडे आले असताना त्यांना बनियन घ्यायला एका मोठ्या दुकानात घेऊन गेलो, ही माझी चूक. काउंटरवरच्या मुलीने सवयीने विचारलं, "सर, मोबाइल नंबर?"

"कशासाठी?" साडू म्हणाले.

"बिलासाठी, सर."

"बिल कागदावर येतं ना? मग बनियन काय मला फोन करणार आहे?"

"सिस्टिम घेत नाही सर नंबरशिवाय," ती मुलगी अगदी रडवेली झाली. मागे रांग वाढत होती आणि रांगेतली माणसं माझ्याकडे पाहत होती, कारण साडूंकडे पाहून काही उपयोग नाही हे त्यांना एव्हाना कळलं होतं. मी माझा नंबर द्यायला पुढे झालो. साडूंनी माझा हात धरला. "तुमचा नंबर, माझं बनियन. हे तर त्याहून वाईट." बनियन तिथेच राहिलं. मला मात्र त्या दुकानाचे सणासुदीचे निरोप अजूनही येतात, कारण मी नंतर गुपचूप जाऊन ते विकत घेतलं.

खरी पंचाईत पोलिसांची होती. मुक्कामाला येणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखपत्राची प्रत ठेवा, असं पोलीस ठाण्याचं सांगणं; गरज संपली की पुसून टाका, असं नव्या कायद्याचं सांगणं. पण गरज संपली हे ठरवायचं कुणी, याचं उत्तर ठाण्यातही कुणाकडे नव्हतं. साडूंनी मग त्यासाठी एक वेगळाच फोन घेतला. सगळी आधार कार्डं, नंबर, पत्ते त्यातच. तो फोन देव्हाऱ्याखालच्या खणात कुलपात असायचा आणि चावी साडूंच्या जानव्याला. शेजारचे लॉजवाले नाना हसायचे. नानांच्या लॉजवर गिऱ्हाइकांच्या आधारच्या झेरॉक्स काउंटरवर उघड्या पडलेल्या असत, आणि जास्तीच्या झाल्या की त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर धोब्याचा हिशेब चाले. "आमचं समदं उघड हाय, चोरायला काय न्हायच," नाना म्हणायचे.

आणि चोरी झाली ती साडूंकडे.

त्या कुलपातल्या फोनवर एक संदेश आला. वर सरकारी दिसणारी मुद्रा, खाली मजकूर: आपल्या व्यवसायाची डेटा संरक्षण नोंदणी अपूर्ण आहे, आजच्या आज पूर्ण न केल्यास व्यवसाय बंद करण्यात येईल. दुसऱ्या कुणाला हा संदेश आला असता तर त्याने वाचलाही नसता. पण नोंदणी अपूर्ण, आणि तीही आपली, हे स्टोअरकीपरच्या जिवाला सोसेना. त्यांनी लिंक दाबली. एक अ‍ॅप उतरलं. त्याने फोटो पाहण्याची परवानगी मागितली, संपर्क पाहण्याची मागितली, संदेश वाचण्याची मागितली. आणि बनियनच्या दुकानात 'कशासाठी' विचारणाऱ्या माझ्या साडूंनी एकदाही 'कशासाठी' न विचारता सगळीकडे होकार दिला. वर "चला, एक काम झालं" म्हणून चहा मागितला.

दोन दिवसांनी ठाणे शहरातल्या एका पाहुण्याचा फोन आला. तुमच्या लॉजच्या नावाने कुणीतरी माझ्याकडे पैसे मागतंय, आणि त्याला माझा आधार नंबरसुद्धा पाठ आहे, असं तो म्हणाला. साडूंच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. ताईंनी माझ्या बायकोला कळवलं, ती मला म्हणाली, "भाऊजी जेवत नाहीयेत, जाऊन या," आणि मी पहिली गाडी पकडून श्रीवर्धनला गेलो. पाहतो तर साडू विहिरीच्या काठावर बसलेले आणि नाना त्यांची समजूत घालत होते.

"गप ऱ्हावा तुमी," नाना सांगत होते. "कुनाला कलतंय कुटून गेलं ते? दिवाली तोंडावर हाय. बोंब झाली तर तुमच्याकडं चिटपाखरू येनार न्हाय."

"कळवावं लागतं," साडू म्हणाले. "ज्यांची माहिती गेली त्यांना."

"तो कायदा अजून लागलाय कुटं?"

"कायदा लागायचाय, नाना. चोरी झालीय."

मी सोबत म्हणून साडूंबरोबर पोलीस ठाण्यात गेलो. हवालदारांनी तक्रार ऐकून घेतली, ती सायबर शाखेकडे पाठवायची व्यवस्था केली आणि म्हणाले, "सोबत तुमच्या आधारची झेरॉक्स जोडा." मी साडूंकडे पाहिलं. एरवी इथे अर्ध्या तासाचा वाद ठरलेला होता. पण ते उठले, समोरच्या दुकानात गेले, झेरॉक्स काढून आणली आणि मुकाट्याने टेबलावर ठेवली. त्यांची थट्टा करावीशी मला वाटली नाही, असा तो माझ्या आठवणीतला पहिलाच प्रसंग.

घरी येऊन ते ओटीवर बसले आणि एकेका पाहुण्याला फोन लावू लागले. कानाने जरा कमी असल्यामुळे त्यांचा फोन स्पीकरवरच असतो, म्हणून मलाही सगळं ऐकू येत होतं. "नमस्कार. आपण माझ्याकडे राहायला होतात. आपली माहिती माझ्या चुकीमुळे चोरीला गेली आहे." इतकं ऐकून निम्म्या लोकांनी फोन ठेवला. काहींनी शिव्या दिल्या. नाशिकच्या एका हुशार गृहस्थांनी "हा तुमचा नवीन प्रकार का?" असं विचारून, आपण या नंबरची तक्रार करत आहोत असं बजावलं. त्यांनी एकट्यानेच केली नसावी, कारण संध्याकाळपर्यंत साडूंचा नंबर कुणाच्याही फोनवर लाल पट्टीसह झळकू लागला: 'फसवणुकीची शक्यता'. ज्यांनी माहिती चोरली त्यांचे नंबर साधे, स्वच्छ दिसत होते. मी म्हटलं, आता पुरे. पण साडू पुढचा नंबर लावत होते.

तो साताऱ्याच्या एका निवृत्त मुख्याध्यापिकेचा होता. बाईंनी ओळखपत्रासोबत घरचा जुना टेलिफोन नंबर दिलेला होता, त्यामुळे तिथे लाल पट्टीचा प्रश्न नव्हता. बाईंचा आवाज अगदी दबलेला आला. "मला बोलता येणार नाही. पोलीस समोर आहेत."

"कुठले पोलीस?"

"मोबाइलवर, व्हिडिओत. माझ्या आधारवर काहीतरी पार्सल सापडलंय. उठू नका म्हणालेत. सकाळपासून बसले आहे मी."

साडूंचा चेहरा उतरला. आवाज मात्र सूचना वाचतानाचा असतो तसाच, सावकाश आणि ठाम होता. "बाई, ते पोलीस नाहीत. तुमचं आधार त्यांना माझ्या फोनमधून मिळालंय. श्रीवर्धनच्या लॉजवाल्याकडून. गुन्हा तुमचा नाही, माझा आहे. मोबाइल बंद करा. मी इथेच आहे."

मग बाईंनी विचारलं, "तुम्हीच ना ते, आल्या आल्या कागद वाचून दाखवणारे? त्यात मी ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढल्या होत्या?"

"हो, बाई. दुरुस्त केल्या आहेत."

मोबाइल बंद केल्याचा आवाज काही ऐकू येत नाही, पण बाईंचा सुटलेला श्वास आम्ही ओटीवर बसून ऐकला. पाठोपाठ त्यांना रडू फुटलं. साडू फोन धरून बसून राहिले. शेजारीण बाईंच्या घरात येईपर्यंत त्यांनी तो ठेवला नाही. बाईंचे पैसे अजून गेले नव्हते. थोडा वेळ आणखी गेला असता तर तेही गेले असते. ताई आतून पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, नवऱ्याजवळ ठेवला आणि तिथेच पायरीवर बसल्या.

दिवाळीत नाना म्हणाले होते तसंच झालं. नानांच्या लॉजवर गच्चीत गाद्या घालाव्या लागल्या. आपण फसलो हे प्रामाणिकपणे सांगणाऱ्या माणसाकडे उतरणं जनतेला धोक्याचं वाटलं, आणि नानांच्या लॉजवर मात्र, धोब्याचा हिशेब आपल्याच आधारच्या पाठीवर चालतो हे ठाऊक नसल्यामुळे, तिला अगदी सुरक्षित वाटलं. आम्ही भाऊबीज उरकून श्रीवर्धनला गेलो तेव्हा साडूंकडे फक्त साताऱ्याच्या बाई आणि त्यांची बहीण अशा दोघीच होत्या. दोघी समुद्रावर फिरायला गेल्या होत्या. चारांपैकी तीन खोल्यांना कड्या, आणि वाडीत वाळत घातलेल्या सुपारीचा वास.

साडू थकल्यासारखे दिसले. सूचना आता ते वाचून दाखवत नाहीत. हातात देतात आणि "सवडीने बघा" म्हणतात, असं ताईंनी सांगितलं. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. आम्ही दोघे ओटीवर बसलो. साडूंनी आपला रोजचा फोन काढला आणि त्यातलं एकेक नाव पुसू लागले: जुने व्यापारी, गवंडी, कारखान्यातले सोबती. यातले बरेच आता नाहीतच, म्हणाले. मग एका नावाशी त्यांचं बोट थांबलं.

"साडूबुवा, तुमचा नंबर माझ्याकडे इतकी वर्षं आहे. तुम्हाला कधी विचारलं नाही. राहू दे ना?"

माझ्याजवळ एक झकास टोमणा तयार होता. पण त्यांनी खरंच विचारलं होतं, आणि उत्तराची वाट पाहत होते.

"राहू दे," मी म्हटलं.