व्हर्लीनची अर्धी माफी

व्हर्लीन टिब्सला माफी मागायची नव्हती, गायचं होतं. पण तिच्या श्रेव्हपोर्ट गावच्या चर्चमध्ये एकाशिवाय दुसरं मिळत नसे. क्लबात गायलेल्या माणसानं मंडळीसमोर उभं राहून आधी त्या गाण्यांची माफी मागायची, मगच गायकवृंदात जागा.

नवव्या वर्षी ती याच वृंदात पहिल्या रांगेत होती. एकोणिसाव्या वर्षी एका बँडबरोबर निघून गेली. क्लबातलं ऱ्हिदम अँड ब्लूज म्हणजे तिच्या लेखी चर्चचीच चाल, फक्त देवाच्या जागी माणूस. १९६१ साली तिची एक तबकडी उन्हाळाभर पार टेक्सासपर्यंतच्या खानावळींत वाजली. पुढच्या चार निघाल्या कधी, कुणाला कळलंही नाही. बँड पांगला. व्हर्लीन गावी परतून इस्पितळाच्या धुलाईघरात लागली आणि शनिवारी तळलेल्या माशांच्या हॉटेलात गात राहिली. बावीस वर्षं दर रविवारी ती चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसे. मंडळी गाई, तेव्हाही हिचं तोंड मिटलेलं.

तिची आई ओझेला पहिल्या बाकावर, पांढऱ्या कपड्यांतल्या ज्येष्ठ बायकांत. या बायकांना सगळे ‘मदर’ म्हणत. मायलेकी एकाच घरात राहत, एकाच पातेल्यातलं भेंडीचं कालवण खात. गाण्याचा विषय मात्र कुणीच काढत नसे.

१९८७च्या वसंतात डॉक्टरांनी सांगितलं की ओझेलाचं हृदय उन्हाळा काढेल असं दिसत नाही. आईच्या कानावर पुन्हा एकदा तरी आपलं गाणं पडावं, एवढंच आता व्हर्लीनला हवं होतं. तिनं पास्टर ग्रँडिसनना निरोप धाडला की या रविवारी उभी राहते.

ती उभी राहिली. खोटं बोलले, दारू प्यायले, आईला पत्रं लिहिली नाहीत, या सगळ्याची तिनं माफी मागितली.

“आणि गाणी?” पास्टरांनी विचारलं.

“त्यांनी मला जेवू घातलंय, पास्टर. जेवल्या ताटाला नावं कशी ठेवू?”

मंडळीच्या हातांतले कागदी पंखे हलायचे थांबले. पास्टरांनी नाइलाजानं नकारार्थी मान हलवली. व्हर्लीन आपल्या शेवटच्या बाकाकडे चालू लागली.

तेवढ्यात ओझेलानं बसल्या जागेवरून भजनाची ओळ सांगितली. तिथली जुनी रीत अशी, की एकानं ओळ बोलायची, मंडळीनं ती लांबवत गायची. आणि मदरनं भजन उचललं की पास्टरलाही ते थांबवता येत नाही. मंडळी गायली. दुसरी ओळ ओझेलानं सांगितलीच नाही. काठीवर रेलून ती मागे वळली.

“माझा दम पुरत नाही. तू सांग.”

दम खरंच संपला होता का, हे तिनं पुढेही कधी सांगितलं नाही. व्हर्लीननं बाकांमधल्या वाटेत उभं राहून ओळ सांगितली आणि सवयीनं शेवटचा सूर जरा जास्तच घोळवला. पास्टर खुर्चीत बसले.

“हळू गं,” ओझेला म्हणाली. “इथं नाचायला कुणी आलेलं नाही.”

आणि तिनं काठीनं पायाखालच्या फळीवर ताल धरला.